मौद्याजवळच्या चिंचांखाली: मशीन, नऊ नाणी आणि एक आजी

धातू शोधायचं मशीन माझं नाही, मित्राचं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरच्यांना अजूनही वाटतं की पैसे मीच घातले. तो (नाव लिहू नको म्हणतो) दोन महिन्यांपूर्वी अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या जुन्या संग्रहालयात भेटला. नाण्यांच्या पेटीच्या काचेला दोघांचीही नाकं टेकलेली. "पाऊण तास झाला, एकच नाणं पाहून राह्यले तुम्ही," म्हणाला. बोलता बोलता कळलं, त्याच्याकडे सेकंडहँड मेटल डिटेक्टर आहे आणि मौद्याजवळ त्याच्या मामांचं शेत आहे. माझ्याकडे खुरपं होतं आणि रविवार मोकळा होता.

नागपूरहून भंडारा रोडनं तास-सव्वा तास लागतो. तर्री-पोहे नागपूर सोडायच्या आधीच खाऊन घ्या, पुढे चहाशिवाय फार काही मिळालं नाही. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो. धान निघालेलं, बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक उभं. त्यात पाय ठेवायचा नाही हे मामांनी गाडीतून उतरता उतरताच बजावलं. आम्हाला हवी होती ती बाजूची पडीत जागा, चार जुन्या चिंचांची. मे महिन्यात या उघड्या रानात उभं राहणं अशक्य, आणि पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर काळी माती बुटाला किलो-किलोनं चिकटते. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळी लवकर.

पहिला तास फुकट गेला. मशीन सारखं कुरकुरत होतं, जिथं तिथं आवाज. आमच्याकडच्या मातीत लोहाचे बारीक कण असतात आणि मशीनला तेच धातू वाटतात. म्हणून शेतात पोचल्यावर आधी ग्राउंड बॅलन्स करायचा: काही नसलेल्या जागेवर चकती वर-खाली हलवायची आणि आवाज शांत होईपर्यंत सेटिंग फिरवायची. मित्रानं हे यूट्यूबवर दहा वेळा पाहिलं होतं, पण केलं नव्हतं. ते झाल्यावर मशीन शहाण्यासारखं वागायला लागलं. चकती जमिनीला जवळपास टेकवून, हळू, आधीच्या फेरीवर थोडी चढवत फिरवायची. आवाज आला की नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवायची. तांब्याचं नाणं दोन्हीकडून एकसारखं स्वच्छ वाजतं. खिळा एकीकडून वाजतो, दुसरीकडून घसा बसल्यासारखा करतो. तरीही आम्ही एक्केचाळीस खड्डे खणले त्यात बत्तीस फालतू: बैलाच्या नालेचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, एक पाना, आणि चमकदार पुड्या, ज्यांना मी आता आयुष्यभर शिव्या देणार.

नाणी नऊ निघाली. चार आपल्या ओळखीची, त्यात कडा लाटांसारख्या असलेली ॲल्युमिनियमची दहा पैशांची. मग दोन भोकाचे पैसे, दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेले. १९४३ ते १९४७ मध्ये ते पाडत. एक पाव आणा १९३६ चा, पाचव्या जॉर्जचा. एक पाव आणा १८३५ चा, कंपनी सरकारचा. त्यावर राजाचा चेहराच नाही, कंपनीचं चिन्ह आहे. आणि एक जाड, काळपट-हिरवा तांब्याचा गोळा, ज्याला मी आधी वॉशर समजून फेकणार होतो.

मजा अशी की सातव्या नाण्यापर्यंत आमच्या लक्षात आलं, सगळं एकाच पट्ट्यात निघतंय. तिसऱ्या चिंचेच्या पूर्वेला, फार तर पंधरा पावलांत. बाकी तीन झाडांखाली फक्त लोखंड. असं का, हे कोडं मामांच्या आईनं सोडवलं. त्या काठी टेकत आल्या. "काऊन बापू, का हुडकून राह्यले?" भोकाचा पैसा हातावर ठेवला तशा हसल्या. इथं बुधवारचा बाजार भरायचा. पहिल्या झाडाखाली नालबंद बसायचा, म्हणून तिथं नुसतं लोखंड. आणि तिसऱ्या चिंचेखाली फुटाणेवाला. "लेकरायची गर्दी राहे तिथं. हा पैसा आम्ही करदोड्यात ओवून आनो, तरी पडेच." मी ते वहीत लिहून घेतलं. तुम्हीही जाल तिथं मशीन सुरू करायच्या आधी गावातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती शोधा, आमचे तीन तास वाचले असते.

एवढ्यात गावातला एक पोरगा घरून तांब्याचं मोठं नाणं घेऊन धावत आला. त्यावर रामदरबार आणि १८१८ साल. लाखात जाते म्हणे. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही, तो नकली ठोकळा आहे. सांगितलं तर पोरगं माझ्यावरच रुसलं.

आता कायद्याचं, कारण हे टाळून चालत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कुठं, कधी, अंदाजे किंमत. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालक कुणी नाही असं ठरलं आणि वेगळा करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. मामांची परवानगी आम्ही आधीच कागदावर घेतली होती. सोमवारी नऊच्या नऊ नाण्यांची यादी, फोटो आणि जागेचा कच्चा नकाशा जोडून अर्ज दिला, पोच घेतली. मित्र म्हणत होता, एवढ्याशा पैशांसाठी कशाला? त्यावर आमचं थोडं वाजलं, मग तोच सही करायला पुढे आला. आणि मनसर, नगरधन, जुनापाणीची शिळावर्तुळं, असल्या पुरातत्त्वाच्या जागी मशीन गाडीच्या डिकीतूनही काढू नका. तिथं नाणं कोणत्या थरात होतं यालाच किंमत असते. ते उपसलं की उरतो नुसता तांब्याचा तुकडा.

तो जाड गोळा आम्ही अर्ज देण्याआधी रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला, तेच जे बॅटरीत घालतात. सकाळी माती आपोआप सुटली. कडेला ठिपक्यांची माळ, मधे आडवी रेघ, आणि तिच्याखाली एक अक्षर: 'जा'. 'श्री राजा शिव' मधला 'जा'. शिवराई! शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. बाकी सगळं झिजलेलं, पण ते एक अक्षर मी भिंगातून किती वेळ पाहिलं ते विचारू नका.

पाचव्या जॉर्जचं मात्र वाईट झालं. आम्ही जेवायला बसलो तेव्हा आजींनी ते नाणं मायेनं उचललं, ओल्या चिंचेत राख कालवली आणि तांब्याच्या गडव्यासारखं लख्ख घासून ताटाशेजारी आणून ठेवलं. गुलाबी चकचकीत. राजाचं नाक गेलं, साल तेवढं वाचता येतं. अर्जात आम्ही खरं तेच लिहिलं: 'घासलेले'. होळीच्या आधी पुन्हा जाणार आहोत. यावेळी जेवणाआधी नाणी डब्यात बंद, आणि चिंचेचा वाडगा मामांच्या ताब्यात.