आईसाठी स्वस्तातला प्लेअर आणि माळ्यावरच्या कॅसेटी

आईला काचबिंदू आहे. समोरचं थोडंफार दिसतं, कडेचं जवळपास काहीच नाही. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर बोट नेमकं कुठं टेकलं हे तिला कळत नाही. गाणं लावायला जावं तर भलत्यालाच फोन लागतो, नाहीतर मध्येच जाहिरात किंचाळते. शिवाय तिला जे ऐकायचं होतं ते इंटरनेटवर नव्हतंच.

मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी संगीत सभा होते. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांच्या स्मरणार्थ ही सभा चालते. चिंचेच्या झाडाखाली रात्रभर गाणं. आई-बाबा वर्षानुवर्षं तिथं जात, आणि बाबा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसत. त्या कॅसेटी आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात माळ्यावर होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या खोल्यांतलं फारसं काही वाचलं नाही. माळ्यापर्यंत पाणी पोचलं नाही, म्हणून कॅसेटी राहिल्या. पण दमट हवेनं त्यातल्या बऱ्याच कॅसेटींना बुरशी धरली. या कॅसेटींवरचं गाणं लॅपटॉपवर उतरवून बटणांच्या छोट्या एमपी३ प्लेअरवर घालायचं आणि आईला ते हवं तेव्हा, कुणाला हाक न मारता ऐकता यावं, एवढंच मला करायचं होतं.

आधी प्लेअर घेतला. दीड-दोन हजारांच्या आतले बरेच प्लेअर बाहेरून सारखेच दिसतात, पण बटणांत मोठा फरक असतो. अनेकांत 'पुढचं गाणं' आणि 'आवाज वाढव' यांना मिळून एकच बटण असतं: पटकन दाबलं तर गाणं बदलतं, दाबून धरलं तर आवाज वाढतो. म्हाताऱ्या माणसाच्या हातात हे देऊ नये. बोट जरा रेंगाळलं की आवाज कानठळ्या बसवतो, आणि आवाज वाढवायला जावं तर रंगात आलेला राग जाऊन पुढचंच काहीतरी लागतं. दुकानात आईनं एकेक प्लेअर हातात घेऊन डोळे मिटून अंगठा फिरवून पाहिला. तिनं निवडला त्याला आवाजाची बटणं कडेला वेगळी आहेत, मधलं बटण थोडं खोलगट आहे आणि दाबल्यावर टक् असं लागतं. ब्लूटूथ नाही, पडदा बारकासा. दुकानदार जास्त सोयींचा दुसरा दाखवत होता. आई म्हणाली, "मला एवढाच द्या, हा हाताला कळतो."

कॅसेटींचं काम सगळ्यात जास्त वेळ खाणारं, आणि मला सगळ्यात आवडलेलंही. कॅसेट उजेडात धरली की फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसतात, ती बुरशी. असली कॅसेट चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालायची नाही, कारण ती घाण हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटीवर जाते. या कॅसेटी मी वेगळ्या काढल्या. काहींचा आतला नमद्याचा छोटा तुकडा निघाला होता. फीत हेडवर दाबून धरणारा हा तुकडा नसला की आवाज बसल्यासारखा येतो. अशा वेळी स्क्रूनं उघडणारी दुसरी कॅसेट घेऊन फितीची दोन्ही चाकं तिच्यात बसवायची. प्रत्येक बाजू लावण्याआधी हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसायचं.

टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याबद्दल फार कुणी सांगत नाही. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचं हेड आणि आपल्या यंत्राचं हेड एकाच कोनात नसेल, तर वरचे सूर दबतात. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी केसभर इकडं-तिकडं फिरवायचा आणि कान लावून ऐकायचं. आईचं माहेर मिरजेतलं, तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांच्या शेजारचं. जवारी, म्हणजे तारेचा तो खुला झणकारता नाद, तिला कानानं कळते. मी स्क्रू फिरवत होते आणि ती सांगत होती, "अजून बोलत नाही गं तंबोरा... अजून थोडं... हां, आता बोलला." खरंच, त्या जागेवर तंबोऱ्याची झणकार मोकळी झाली. तोवर नुसती घरघर वाटत होती.

पुढचं सोपं आहे. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर, लॅपटॉपला यूएसबीचं छोटं साउंड कार्ड आणि ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. आवाजाची पातळी लाल रंगापर्यंत जाऊ द्यायची नाही. खरखर काढायची सोय त्यात आहे, पण मी ती जेमतेम वापरली. जास्त वापरली की गळ्यातला श्वासही जातो आणि गाणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं.

तुकडे कुठं करायचे यावर आमचं थोडं वाजलं. स्वस्त प्लेअर बंद केला की बहुतेक वेळा त्या फाइलीच्या सुरुवातीलाच परत जातो; म्हणून दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत असं माझं म्हणणं. आईला ते पटेना. विलंबित खयाल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, मध्येच तोडायचा नाही, म्हणाली. दोन एमपी३ फाइलींच्या मध्ये या प्लेअरवर क्षणभर खंडही पडतो, आणि तो नेमका समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला तर ऐकवत नाही. शेवटी विलंबित एक फाइल आणि जलद लयीतलं द्रुत दुसरी, असं ठरलं.

प्लेअरमध्ये घालायचं मेमरी कार्ड मात्र जपून घ्या. चौसष्ट जीबीचं कार्ड सहसा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेलं येतं आणि बरेच स्वस्त प्लेअर ते ओळखतच नाहीत. आमच्या भजनी मंडळातल्या एका काकूंनी याच कारणानं प्लेअर बिघडला म्हणून ठेवून दिला होता. बत्तीस जीबीचं, फॅट३२ फॉरमॅटचं कार्ड घातल्यावर तोच प्लेअर छान चालला. जागेची चिंता नको. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपी३ला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे बत्तीस जीबीत पाचशे तासांच्या आसपास गाणं मावतं. दुसरी गोष्ट क्रमाची. असे प्लेअर बऱ्याचदा फाइली नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, कार्डावर ज्या क्रमानं उतरवल्या त्या क्रमानं वाजवतात. म्हणून ००१, ००२ असे आकडे द्यायचे आणि फाइली त्याच क्रमानं एकेक करून कार्डावर घालायच्या. आवाजाची पातळीही आधीच फाइलीतच सारखी करून घ्यायची, प्लेअर ते काम करत नाही.

देवनागरी नावांच्या जागी पडद्यावर चौकोन उमटतात. आईला पडदा वाचायचा नव्हताच, पण काय लागलंय ते कळायला तर हवं. रॉकबॉक्स नावाचं मोफत फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, आहे, त्यात मेनू आणि फाइलींची नावं आवाजात ऐकू येतात. अंध लोक ते आवडीनं वापरतात. पण ते ठरावीक प्लेअरवरच चालतं, आमचा त्या यादीत नाही. म्हणून प्रत्येक फोल्डरच्या सुरुवातीला एक छोटी फाइल ठेवली, तिच्यात पुढं काय आहे ते सांगितलेलं. मी बोलणार होते, पण आईनं माइक स्वतःकडं घेतला. कॅसेटीच्या खोक्यावर बाबांनी बहुतेक ठिकाणी नुसतं 'दर्गा, रात्र दुसरी' एवढंच लिहिलंय. राग कुठला, तबल्यावर कोण, त्या रात्री पाऊस येऊन बैठक कशी थांबली, हे सगळं आईच्या डोक्यात होतं. दोन ओळींची घोषणा करायची म्हणून बसलो आणि कित्येक फाइली चार-पाच मिनिटांच्या झाल्या. मी एकही कापली नाही. या सगळ्या कामातलं मोलाचं काय असेल तर ते हेच, असं मला वाटतं. घरात जुन्या कॅसेटी असतील तर ज्यांना आठवतंय त्यांना आधी बोलतं करा, यंत्रं नंतर.

आता आई दुपारी आणि पहाटे प्लेअर एकटीच लावते. इअरफोन तिला नको, म्हणून छोटा स्पीकर वायरनं जोडला आहे. एकदा प्लेअर मेल्यासारखा झाला, काही केल्या चालू होईना. चालू-बंदचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरल्यावर सुरू झाला. शेजारच्या आजोबांच्या प्लेअरला कडेला लॉकचं बटण आहे, ते चुकून सरकतं आणि मग कुठलंच बटण लागत नाही. प्लेअर दुरुस्तीला नेण्याआधी एवढं बघून घ्यावं. बॅटरी मात्र खरीच कमजोर निघाली. पहिल्यांदा चालायचा त्याच्या निम्माही आता चालत नाही. या किमतीत बॅटरी बदलून मिळणं अवघड, तेव्हा दोन-तीन वर्षांनी नवा घ्यावा लागेल हे धरून चाललो आहोत.

म्हणून मूळ वॅव फाइली, म्हणजे एमपी३ करण्याआधीचं पूर्ण दर्जाचं रेकॉर्डिंग, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्यात, एक आमच्याकडं आणि एक भावाकडं पुण्याला, पुराच्या पाण्यापासून लांब. बुरशी जास्त असलेल्या कॅसेटी अजून बाकी आहेत. त्या उन्हाळ्यात, हवा कोरडी असताना काढणार, आणि त्यासाठी जुन्या बाजारातून वेगळा टेपरेकॉर्डर आणून ठेवला आहे.