डिप्लोमाचं एम-वन: २८ मार्क कुठून येतात?

मिरजेच्या किंवा कराडच्या पॉलिटेक्निकला दहावीचं कच्चं गणित घेऊन आलेली बरीच पोरं पुस्तक पहिल्या पानापासून धरतात. लॉगॅरिदममध्येच आठवडा जातो आणि दम सुटतो.

एम-वन म्हणजे बेसिक मॅथेमॅटिक्स. त्याचा पेपर ७० मार्कांचा. पासापुरते चाळीस टक्के म्हणजे २८. आधी एमएसबीटीईच्या (राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या) जुन्या प्रश्नपत्रिका काढून साचा बघा. पहिल्या प्रश्नात दोन मार्कांच्या सातपैकी पाच, पुढच्या तीन प्रश्नांत चार मार्कांची तीन-तीन, शेवटच्या दोघांत सहा मार्कांच्या तीनपैकी दोन. सोडायला जागा बरीच आहे. म्हणून मॅट्रिक्स, पार्शल फ्रॅक्शन आणि स्टॅटिस्टिक्स आधी. तिथे पायऱ्या ठरलेल्या असतात, सुचावं लागत नाही.

पार्शल फ्रॅक्शनमध्ये पहिल्यांदा घात बघा. वरचा घात खालच्याइतका किंवा मोठा असेल तर आधी भागाकार. तो विसरला की पुढचं सगळं वाया. वर २एक्स + १ आणि खाली (एक्स − १)(एक्स − २) असेल, तर ते ए/(एक्स − १) + बी/(एक्स − २) असं मांडा; एक्स = १ घालून ए = −३, एक्स = २ घालून बी = ५. आता दोन्ही बाजूंना एक्स = ० घाला: डावीकडे १/२, उजवीकडे ३ − ५/२, म्हणजे १/२च. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे, तरी कोणी करत नाही.

तीन बाय तीनच्या इन्व्हर्समध्ये नऊ कोफॅक्टर. चूक बहुतेक वेळा चिन्हात, नाहीतर ट्रान्सपोज राहून जातो. अॅडजॉइंट (कोफॅक्टरच्या मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज) काढल्यावर मूळ मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीने त्याच्या पहिल्या स्तंभाला गुणा, डिटरमिनंट यायला हवा. दुसऱ्या स्तंभाला गुणलं की शून्य. तसं आलं नाही तर पुढे जाऊ नका.

स्टँडर्ड डेव्हिएशनचा तक्ता सरळ आहे, पण एफ-डी-स्क्वेअरच्या रकान्यात पोरं एफडीचाच वर्ग करतात. एफ म्हणजे वारंवारता, डी म्हणजे मानलेल्या मध्यापासूनचं अंतर भागिले एच; एफडीला पुन्हा डीने गुणायचं. शेवटी वर्गमूळाला वर्गांतर एचने गुणायचं राहतं, तेही बघा. कॅसिओ एफएक्स-८२एमएसच्या एसडी मोडमध्ये वर्गमध्य आणि वारंवारता भरून उत्तर ताडता येतं. मात्र एक्स-सिग्मा-एन घ्या, एन-वजा-एक नको. तक्ता कागदावर हवाच, मार्क पायऱ्यांना असतात.

तासगाव-विट्याहून एसटीने ये-जा करणाऱ्यांनी प्रवासात फक्त सूत्रं म्हणावीत. गणित वाचून येत नाही, त्याला टेबल आणि कागद लागतो.

इतकं हाताखालून गेलं की ट्रिगोनोमेट्री घ्या. सगळी नको: आधी कंपाउंड अँगलची सूत्रं, मग ॲलाइड अँगल. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर वरच्या बाजूला डी (डिग्री) दिसतोय ना, तेवढं मात्र दर वेळी बघा.