किमोनंतर पायाची आग अन् एका कागदासाठी चार चकरा

कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, शेक (रेडिएशन), सगळं निभावलं. पण नंतर तळपाय जळायला लागले त्यानं जास्त रडवलं. रात्री चादर लागली तरी आग व्हायची, अन् दिवसा त्याच पायाला काही समजत नव्हतं. एकदा शेतातून येताना चप्पल कुठं सुटली ते घरी आल्यावर कळलं, टाचेत काटा होता अन् रक्त वाळून गेलं होतं. हाताची बोटंही सुन्न, ब्लाउजचे हूक लावायला सासूबाई लागायच्या.

गावातल्या डॉक्टरनं कमजोरी म्हणून ताकदीची दहा इंजेक्शनं दिली, काही फरक नाही. मग भाच्यानं शोधलं की दुखण्याची वेगळी ओपीडी असते, पेन क्लिनिक, अन् सरकारी मेडिकल कॉलेजात ती बहुतेक भूलवाल्या डॉक्टरांकडे असते. दीड वर्षात मला हे कोणीच सांगितलं नव्हतं!

तिथल्या मॅडम म्हणाल्या, किमोत कोणतं औषध होतं तो कागद आणा. माझ्या कार्डावर नुसतं 'किमो १२ डोस'. झालं, इथं अडकलं. जिथं उपचार झाले तिथं गेले तर रेकॉर्डवाला म्हणे आज साहेब नाहीत. दुसऱ्यांदा, फाइल जुन्या बिल्डिंगमध्ये आहे. तिसऱ्यांदा म्हणे अर्ज द्या, त्यावर डॉक्टरची सही आणा, अन् डॉक्टर मंगळवारीच येतात, मी गेले शुक्रवारी. दरवेळी पहाटेची एसटी, वेचणीची रोजी बुडायची, अन् त्या जिन्यावर पाय कुठं टेकतो ते समजत नाही म्हणून कठडा धरून एकेक पायरी. तिसऱ्या दिवशी मी स्टँडवर बसून रडली. माझंच शरीर, माझाच कागद, अन् मीच हात जोडून राहिली!

चौथ्यांदा भाच्यानं अर्जाच्या दोन प्रती केल्या, एकीवर आवकचा शिक्का मारून घेतला. डॉक्टरांसाठी २००२ चे नियम आहेत, पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागते, तेही अर्जात लिहिलं. दोन दिवसांत कागद हातात. एकच पान, त्यावर किमोच्या औषधाचं नाव, पॅक्लिटॅक्सेल. यानंच हातापायाच्या नसा दुखावू शकतात.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच किमोचा पूर्ण चार्ट मागून घ्या. अन् हो, किमो चालू असतानाच मुंग्या आल्या तर तेव्हाच सांगा, डॉक्टर डोस कमी करू शकतात, मी कमजोरी समजून गप्प बसली.

मॅडमनी अंगठ्याला थरथरणारा चिमटा लावून थरथर कळते का ते पाहिलं, शुगर अन् बी १२ तपासली, ड्युलोक्सेटिन ही नसांच्या दुखण्याची गोळी सुरू केली. पहिले आठ दिवस मळमळ झाली, जेवणानंतर घेतली तर सोसवली. महिन्याभरात रात्रीची झोप लागली, अडीच वाजता उठून पाण्यात पाय बुडवून बसणं बंद झालं. ही गोळी मनानं एकदम बंद करू नका, मॅडमनी दोनदा बजावलं.

सुन्नपणा अजून आहे, तो पूर्ण जाईलच असं त्यांनी म्हटलं नाही. मागं पट्टा असलेली चप्पल घेतली. आमचे हे रोज रात्री मोबाईलच्या टॉर्चनं माझे तळवे पाहतात, काटा आहे का म्हणून.