करारातला ‘आणि’

ठाण्याच्या महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना सर क्रीकचा वाद मी वर्षानुवर्षे फळ्यावरच्या नकाशावरून समजावत आले. कच्छच्या रणातली ही सुमारे ९६ किलोमीटरची खाडी. १९१४ च्या मुंबई सरकारच्या ठरावासोबतच्या नकाशात हिरवी रेघ पूर्वेच्या काठावर आहे, म्हणून पाकिस्तान अख्खी खाडी आपली म्हणतो. भारत प्रवाहाच्या मध्यावर सीमा मानतो. हे मिटत नाही, म्हणून पुढे समुद्रातली सीमाही आखली गेलेली नाही, आणि मासे धरताना पलीकडे गेलेले दोन्हीकडचे मच्छीमार पकडले जातात.

त्या जुलैच्या तासाला, २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, असे मी सांगत असताना मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. डहाणूकडचा, कळव्यात आत्याकडे राहून शिकणारा. "मॅडम, माझा मामा कराचीच्या तुरुंगात आहे. शिक्षा संपून वर्ष झालं. मग सोडत का नाहीत?"

मामा गुजरातच्या मासेमारी बोटीवर खलाशी होता. तास संपल्यावर मी मुलाला स्टाफरूममध्ये बसवले आणि कराराचे कलम त्याच्यासमोर वाचले: राष्ट्रीयत्वाची खात्री झाल्यावर आणि शिक्षा पूर्ण झाल्यावर महिन्याभरात सुटका व पाठवणी. हे वाक्य मी कितीदा शिकवले असेल, पण त्यातल्या ‘आणि’पाशी कधी थांबले नव्हते. शिक्षा संपली, तरी खात्री झाल्याशिवाय तो महिना सुरूच होत नाही.

मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. आधार कार्डावर मामाचे आडनाव होते. बोटीच्या खलाशांच्या यादीत आडनावाच्या जागी पाड्याचे नाव, आणि वडिलांचे नाव गाळलेले. शिधापत्रिकेवर तिसरेच काही. आमच्या विषयात संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराच्या अनुच्छेद ७३ वर भरपूर लिहिले जाते, कारण अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यातल्या, मासेमारीसाठी, संबंधित देशांत कैदेची मुभा देणारा करार नसेल तर, कैद देता येत नाही असे तो सांगतो. पण एका माणसाची तीन नावे जुळवणे हेही शांततेचेच काम आहे, असे मला त्या दुपारी मनापासून वाटले.

तिन्ही नावे एकाच माणसाची असल्याचा अर्ज आम्ही परराष्ट्र मंत्रालयासाठी लिहिला, सोबत सरपंचांच्या दाखल्यासाठी मसुदा केला. दाखला आल्यावर चौथ्या दिवशी स्टेशनजवळच्या टपाल कार्यालयातून पाकीट रवाना झाले. पावतीवरचा क्रमांक मुलाने वहीत, मी तासाला लिहून दिलेल्या कलमाखालीच उतरवून घेतला.