स्लॅबचा हप्ता अडकला तेव्हा

बँकेच्या पॅनलवरचा इंजिनिअर म्हणून माझं काम एवढंच की साइटवर जायचं, किती काम झालंय ते बघायचं, टक्केवारी लिहायची आणि रिपोर्ट पाठवायचा. पण त्या दिवशी गेलो तर सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, ठोकून तयार, वर सळई बांधून झालेली आणि काम ठप्प. बिल्डर म्हणाला, "साहेब, पैसे आल्याशिवाय काँक्रीट टाकणार नाही." घरमालकीण बाई म्हणाल्या, "सर, बँक म्हणते स्लॅब पडल्याशिवाय हप्ता सोडणार नाही, आता आम्ही करायचं काय?" त्यांचा आवाज ऐकून मला नुसता रिपोर्ट लिहून निघून जाववेना.

मग दोन्ही कागद तिथेच मागून घेतले, बिल्डरचा करारनामा आणि बँकेचं सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र. खर्च शंभर धरला तर यांचे स्वतःचे 20 आणि लोन 80. बिल्डरला करार करताना 20, प्लिंथच्या (जोत्याच्या) आधी 15 आणि स्लॅबच्या आधी 25, म्हणजे एकूण 60 हवे होते. बँक प्लिंथ पूर्ण झाल्यावर 16 देणार आणि स्लॅब पूर्ण झाल्यावर अजून 24. यांचे 20 धरले तर तेही 60च होतात! आकडा तोच, फक्त बिल्डरला तो स्लॅबच्या आधी हवा आणि बँक देणार नंतर. आतापर्यंत दिलेले 36, म्हणजे मधल्या 24 ची सोय घरमालकाने करायची, आणि त्यांचे पैसे तर सगळ्यात आधी संपलेले कारण बहुतेक बँका तुमचा वाटा आधी घालायला लावतात. हे दोन कागद सही करायच्या आधी कुणीच शेजारी शेजारी ठेवून बघितले नव्हते, आणि खरं सांगायचं तर हे काम लोन देणाऱ्या माणसाने स्वतःहून करायला हवं असं माझं ठाम मत आहे, घर बांधणाऱ्याला आयुष्यात एकदाच हे करायचं असतं, त्याला कुठून कळणार.

मी मोजमाप घेतलं. पाया, प्लिंथ, कॉलम, सेंटरिंग, सळई धरून काम साधारण 42 चं झालेलं. म्हणजे बिल्डरचे खिशातले 6 खरोखरच अडकलेले, तो काही उगाच अडून बसला नव्हता. पण 42 च्या कामावर 60 देऊन टाकले आणि उद्या तो काम सोडून गेला तर 18 गेलेच की! बँक झालेल्या कामावरच पैसे देते ते यासाठीच, अर्धवट घर तारण म्हणून तिच्या फारसं उपयोगाचं नसतं.

तिथूनच मी बँकेतल्या लोन ऑफिसर मॅडमना फोन लावला. म्हटलं, सळई तर काँक्रीट टाकायच्या आधी तपासावीच लागते, एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे ते दिसत नाही, मग स्लॅबच्या हप्त्याचे दोन भाग करा, सळई तपासून रिपोर्ट आला की 12 आणि सेंटरिंग काढल्यावर 12. बिल्डरला 48 मिळाले की अडकलेलेही सुटतात आणि काँक्रीटचंही भागतं. तो जरा कुरकुरला, पण मानला. मॅडमनी तिघांच्या सहीचं दुरुस्ती पत्र मागितलं, नुसतं तोंडी चालणार नाही म्हणाल्या, आणि बरोबरच आहे त्यांचं. बाईंना मी हेही सांगितलं की पैसे लवकर उचलले तर त्या 12 वरचं व्याजही लवकर सुरू होणार.

त्याच पत्रात खिडक्यांचंही घालून घेतलं. बिल्डरला ऑर्डर देतानाच अॅडव्हान्स हवा होता, पण कारखान्यात पडलेली खिडकी मला झालेल्या कामात धरता येत नाही, ती साइटवर यायला लागते. त्यामुळे तो अॅडव्हान्स बराच कमी केला आणि बाकीचे खिडक्या आल्यावर.

पत्र मंजूर झालं, स्लॅब टाकून झाला. शेवटच्या 10 चा प्रश्न अजून बाकी आहे, बिल्डरला ते चावी द्यायच्या आधी हवेत आणि बँक पूर्णत्वाचा दाखला बघून देणार. प्लास्टर सुरू व्हायच्या आत हेही लिहून घ्या असं मी बाईंना सांगितलंय आणि त्यांनी मॅडमची वेळ घेतलीय.