एक तबकडी आणि तिचे निरनिराळे चाहते

फोंड्याला जुन्या ध्वनिमुद्रणांचे डिजिटल रूपांतर करून देण्याचे माझे लहानसे काम आहे. बहुतेक गिऱ्हाइके लग्नाच्या चित्रफिती किंवा भजनी मंडळांच्या कॅसेटी घेऊन येतात. गेल्या पावसाळ्यात मात्र म्हार्दोळच्या एका कुटुंबाने लाखेची एक जुनी तबकडी, गावच्या जत्रेत झालेल्या मराठी नाटकाची कॅसेट आणि दूरदर्शनच्या एका मालिकेची चित्रफीत असे सगळे एकदम आणून दिले. तबकडीवरचा कागद पार झिजला होता. नाट्यपद आहे हे ऐकताच कळत होते, पण गाणारा कोण ते कळत नव्हते आणि घरच्यांना तेच हवे होते. त्यांच्या परवानगीने मी एका सकाळी प्रत्येक वस्तूचा नमुना त्या त्या माध्यमाच्या चाहत्यांच्या ऑनलाइन गटावर टाकला.

तबकड्या जमवणाऱ्यांच्या गटाने पहिल्या उत्तरात गाण्याबद्दल अवाक्षर काढले नाही. कागदाच्या भोवती जो गुळगुळीत पट्टा असतो, त्याचा तिरप्या उजेडात फोटो काढा, असे त्यांनी सांगितले, कारण मुद्रणाच्या वेळचा क्रमांक तेथे कोरलेला असतो आणि कागद गेला तरी तो राहतो. शेवटी गायकाने नाव पुकारले आहे का, हा दुसरा प्रश्न होता. १९०२ साली कलकत्त्यात भारतातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हापासून काही वर्षे गायक पदाच्या अखेरीस स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. आमच्या तबकडीत तसे काही नव्हते. मग वेगाची चर्चा निघाली. मिनिटाला ७८ फेरे हा आकडा पुढे रूढ झाला. त्याआधीच्या तबकड्यांचा वेग कमीअधिक असे. ७४ची तबकडी ७८ने वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये गायल्यासारखा वाटतो. त्या तीन मिनिटांच्या पदाची मूळ पट्टी कोणती असावी, यावर दोन ज्येष्ठ संग्राहक दुपारच्या जेवणाची वेळ टळेपर्यंत वाद घालत होते, आणि दोघेही एकमेकांना अत्यंत आदराने ‘अहो बुवा’ म्हणत होते.

नाटकवाल्यांचा गट अगदी वेगळा निघाला. कॅसेटवर वर्ष नव्हते, संचाचे नाव नव्हते, परंतु पुराव्याची कोणालाच गरज भासली नाही, कारण तेथे लिहिणारा प्रत्येक जण ‘मी त्या रात्री होतो’ असे सांगत होता. कोणी ऑर्गनवर कोण बसले होते ते सांगितले, कोणाला पडदा अर्ध्यावर अडकल्याचे आठवले, तर एका बाईंनी आपल्या मामांना तिसऱ्या अंकात मिळालेला वन्स मोअर वर्णन करून सांगितला. हे सगळे एकाच रात्रीचे असणे शक्य नव्हते. पण नाटकाचा प्रत्येक प्रयोग त्या रात्रीपुरताच असतो, त्यामुळे त्याच्या चाहत्याजवळ स्वतःच्या साक्षीवाचून दुसरे साधन नसते. तबकडीवाल्याला जशी वस्तू लागते, तशी त्याला आठवण पुरते. (तबकडीचा नमुनाही मी या गटाला ऐकवला होता. हे मास्टर दीनानाथच, असा निर्वाळा लगेच मिळाला. मंगेशी शेजारी असल्यामुळे आमच्या तालुक्यात कुठल्याही जुन्या नाट्यपदाला हे भाग्य लाभते.)

मालिकांच्या गटात माझी चित्रफीत वाहून गेली. आज रात्रीच्या भागात सासू खरे बोलणार की नाही, यापलीकडे तेथे विषय नव्हता, आणि मला त्याचे नवल वाटले नाही. मालिकेच्या चाहत्याचे लक्ष नेहमी उद्याच्या भागावर असते. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ बंद पडू नये म्हणून प्रेक्षकांनी १९६८च्या सुमारास वाहिनीकडे पत्रांचा भडिमार केला, तोही पुढचे भाग मिळावेत यासाठीच होता.

खरी ठिणगी चारच्या सुमारास पडली. माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलगी व्हिडिओ गेमच्या संगीताच्या एका गटात आहे. तिने मला विचारून तबकडीची खरखर त्या गटाला ऐकवली. तेथील कोणीही हे कोणते गाणे आहे असे विचारले नाही. तासाभरात एका मुलाने खरखर काढून स्वच्छ केलेली फाइल पाठवली आणि त्यासाठी काय काय केले, तेही लिहून दिले. या लोकांना हातात आलेली गोष्ट पुरी झालेली वाटतच नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा जगभर खेळला गेलेला खेळ १९९९ साली दुसऱ्या एका खेळात चाहत्यांनी केलेल्या बदलांतून जन्मला, यावरून त्यांची रीत ध्यानात येईल.

मी ती फाइल संग्राहकांना दाखवली आणि दोन्ही बाजूंची जुंपली. त्या मुलाचा मुद्दा तर्काला धरून होता. १९२५ साली विजेवरचे मुद्रण सुरू होण्यापूर्वी गायक भोंग्यात गात असे आणि त्या पद्धतीत साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उमटत नसे. मग त्यावर उरते ती खरखर, ती कापली तर बिघडले कोठे? संग्राहकांचे म्हणणे होते की वर क्षीण का होईना, ‘स’ आणि ‘श’ यांची धार असते, तीच नाहीशी झाल्याने शब्द बोबडे लागत होते. मी हेडफोन लावून दोन्ही फाइली आलटून पालटून ऐकल्या. शब्दांपुरते संग्राहक बरोबर होते. पण खरखरीखाली दबलेली तबल्याची एक जागा मला प्रथम ऐकू आली ती त्या मुलाच्या फाइलमध्येच, हेही मी दोन्हीकडे कळवले. यावर संग्राहकांनी ती जागा किती सेकंदांवर आहे ते विचारले, आणि मुलाने कोरलेला क्रमांक म्हणजे काय ते विचारले.

त्या क्रमांकावरूनच रात्री गायकाचे नाव निश्चित झाले. ते दीनानाथ नव्हते. घरच्यांची इच्छा नसल्यामुळे नाव येथे देत नाही. त्यांना मी तबकडीच्या दोन्ही फाइली दिल्या, एक जशी वाजते तशी आणि एक स्वच्छ केलेली, आणि दुसरीत काय काढले आहे त्याची टीप सोबत जोडली. घरातील आजींनी स्वच्छ केलेली फाइल ठेवून घेतली. कॅसेटसोबत मात्र नाटकवाल्यांच्या सगळ्या परस्परविरोधी साक्षी छापून देण्याचा त्यांनी आग्रह धरला, आणि त्या कागदांचे पैसेही वेगळे दिले.