शाळेच्या छपराविषयी गावाला विचारले तेव्हा

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावची प्राथमिक शाळा लोकल बोर्डाच्या काळातील आहे, म्हणजे 1962 साली जिल्हा परिषदा अस्तित्वात येण्यापूर्वीची. जांभ्याच्या जाड भिंती, त्यांवर सागवानी तुळया, वासे, रीपा आणि मंगलोरी कौले. माझ्या आईने याच इमारतीत धुळाक्षरे गिरवली आणि मीही. 25 जुलै 2025 रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथील सरकारी शाळेची इमारत कोसळून सात मुले दगावली, त्या बातमीनंतर मात्र आमच्या शाळेकडे केवळ आठवणींच्या मायेने पाहणे मला शक्य राहिले नाही. गावातील एका सुताराला घेऊन मी शाळेत गेलो. त्याने पश्चिमेकडच्या भिंतीत शिरलेल्या वाशाच्या टोकाला पटाशी लावली, तेव्हा ती लोण्यात शिरावी तशी आत गेली आणि वाळवीने पोखरलेल्या लाकडाचा भुसा फरशीवर पडला. खाली तिसरीच्या मुलांची बसण्याची जागा होती. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी तो वर्ग रिकामा केला.

पुढे अंदाजपत्रक तयार झाले. कौले उतरवून लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्रे घालावेत, असे त्यात होते. आमच्या मुंबईकर मंडळींचे म्हणणे याहून निराळे होते: जुनी इमारत निर्लेखित करून, म्हणजे सरकारी नोंदीत निकामी ठरवून घ्यावी आणि स्लॅबची नवी बांधावी, वर्गणी आम्ही काढू. दोन्ही सूचना तळमळीच्या होत्या, यात शंका नाही. परंतु रोज त्या इमारतीत वावरणाऱ्यांना कोणीच विचारले नव्हते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम याच समितीकडे असते. म्हणून समितीने गणपतीत, चाकरमानी गावी असताना, शाळेच्या पडवीत बैठक बोलावली आणि चौथीपासून पुढच्या मुलांनाही बसवून घेतले.

पत्र्याचा प्रश्न मुलांनीच निकालात काढला. शेजारच्या अंगणवाडीवर पत्रे आहेत. पाचवीतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, "तिथे पाऊस लागला की बाईंचे फक्त ओठ हलताना दिसतात." वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आमच्या मुलखात जून ते सप्टेंबर शिकवणे ऐकूच आले नाही, तर शाळेच्या वर्षातील मोठा भाग वाया गेला असे समजावे लागते. उन्हाळ्यात पत्रा तापतो ते वेगळेच. तपासणीसाठी आलेल्या अभियंत्यांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि मधला मार्ग सुचवला: कुजलेले लाकूड काढून लोखंडी सांगाडा उभारावा, पण त्यावर शाबूत असलेली जुनीच कौले चढवावीत आणि फुटलेल्यांच्या जागी नवी घालावीत. भिंती अजून भक्कम असल्याचे त्यांनी पाहणीअंती सांगितले, त्यामुळे निर्लेखनाचा विषय मागे पडला.

भिंतींच्या ओलीचे कारणही त्याच बैठकीत उलगडले. एका म्हाताऱ्या गवंड्यांनी सांगितले की, मूळचा चुन्याचा गिलावा खरवडून काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला, तेव्हापासून पश्चिमेची भिंत सुकेनाशी झाली. जांभा पाणी पितो आणि चुन्यातून ते हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बुजते आणि ओल आतच कोंडून राहते. आता त्या भिंतीवर पुन्हा चुनाच लावायचा ठरला आहे.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आधी बोलायला तयार नव्हत्या. आग्रह केल्यावर त्यांनी एवढेच सांगितले की, पावसाळी वारा सुटला की चुलीचा धूर थेट दुसरीच्या वर्गात शिरतो. मग एका आईने मुलींच्या स्वच्छतागृहात पाणीच येत नसल्यामुळे तिची मुलगी दुपारी घरी निघून येते, ही गोष्ट सर्वांसमोर सांगितली. या दोन्ही बाबी अंदाजपत्रकात कुठेच नव्हत्या.

आपल्याकडे लोकसहभाग म्हटले की वर्गणी आणि श्रमदान एवढेच डोळ्यांसमोर येते. मला ते अपुरे वाटते, आणि थोडे धोक्याचेही, कारण ज्याची वर्गणी मोठी त्याचा शब्द मोठा होतो आणि ज्यांची मुले खरोखर त्या शाळेत शिकतात, त्यांना पैसे देता येत नाहीत म्हणून ती माणसे मागच्या रांगेत गप्प बसतात. आमच्या मुंबईकरांनी हे मोठ्या मनाने समजून घेतले. स्लॅबसाठी म्हणून जमवायची वर्गणी त्यांनी पाण्याची टाकी, स्वच्छतागृह आणि स्वयंपाकघराची जागा बदलणे, यांसाठी द्यायचे कबूल केले. पायऱ्यांशेजारी उतार (रॅम्प) कुठून काढायचा, यावर अजून एकमत नाही. विहिरीकडची बाजू सोयीची आहे, पण तिथे शेवाळ धरते.

गेल्या आठवड्यात नव्या नळांची जागा ठरवायला आम्ही पुन्हा जमलो होतो. नकाशात नळांची उंची मोठ्या माणसाच्या कमरेएवढी दाखवली होती. गुरुजींनी पहिलीतील सर्वांत लहान मुलाला भिंतीशी उभे केले, हात पुढे करायला सांगितला आणि त्याच्या तळव्याच्या थोडे वर खडूने रेघ ओढली. प्लंबरने टेप लावून ते माप आपल्या वहीत लिहून घेतले.